काकूंना एका नजरेत कळतं

"मी सांगते ना तुला, ती तसलीच आहे. मला एका नजरेत कळतं."

माझा पाय जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होता. हातात रिकामी बाटली. पाण्याचा फिल्टर काकूंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आहे, वरच्या खोल्यांतल्या मुली तिथूनच पाणी भरतात. दाराला पडदा. पडद्याआड काकू आणि त्यांच्या नणंदबाई संक्रांतीचे लाडू वळत होत्या. तापलेल्या गुळाचा वास जिन्यापर्यंत आला होता.

मी तिथेच थांबले. 

"कोण, ती वरची?" नणंदबाईंनी विचारलं.

"मग दुसरी कोण."

वरच्या दोन खोल्यांत आम्ही चौघी होतो. मी झरझर सगळं आठवू लागले. मोबाइल उघडा टाकला होता का? फोनवर बोलताना खिडकी बंद होती का? शनिवारी रायपूरला गेले तेव्हा काय सांगून गेले होते? सांगितलेलं आणि केलेलं जुळत होतं का? आठवडाभराचं माझं सगळं वागणं त्या एका पायरीवर उभं राहून मी तपासलं. चूक सापडली नाही. त्यामुळे जास्त भीती वाटली. चूक न करताही दिसत असेन तर मग लपायचं कुठे?

"केस बघ तिचे. चाल बघ. फटफटी उडवत येते. आणि बोलते कशी? मी जातो, मी येतो. पुरुषासारखी."

म्हणजे मी नाही. माझ्या खोलीतली प्रणाली.

मला हायसं वाटलं. बाटलीवरची बोटं सैल झाली. त्या हायसं वाटण्याचीच मग मला भीती वाटली, आणि ती पहिल्या भीतीपेक्षा निराळी होती. मी पाणी न भरता वर गेले.

काकूंचं घर भिलाईच्या जुनवानी भागात. तीन पिढ्या रायपुरात काढलेलं मराठी घराणं, मग इथे बांधलेला हा बंगला. वरचा मजला नोकरी करणाऱ्या मुलींना. माझे वडील प्लांटात, भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. ते निवृत्त झाले, सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं, आईवडील भंडाऱ्याकडे गावी गेले. मी इथेच राहिले. दुर्गमध्ये डोळ्यांच्या दवाखान्यात मी चष्म्याचा नंबर तपासते.

पहिल्या दिवशी काकूंनी मला समोर बसवून नाव विचारलं, गाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे. त्यात कोणत्याही जातीचं माणूस बसू शकतं. काकूंनी मला केसांपासून चपलांपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "इंग्लिश मीडियम ना? कळतं गं. चांगल्या घरची मुलगी लपत नाही."

मी मान खाली घातली. काकूंना वाटलं, लाजली.

असं ओळखलं जाणं माझ्यासाठी नवं नव्हतं. आठवीत असताना एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले होते. तिच्या आजीने केक दिला, शेजारी बसवलं, माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. मग वडिलांचं पूर्ण नाव विचारलं. मग घरी कोणता देव आहे ते विचारलं. मी म्हणाले, आमच्याकडे बुद्धाची मूर्ती आहे आणि बाबासाहेबांचा फोटो. आजींचा हात माझ्या पाठीवर होता. तो उठला. त्या म्हणाल्या, "असं होय. पण तू वाटत नाहीस हं तशी."

मी म्हणाले, "थँक यू."

शाळेत तेच शिकवलं होतं. कोणी चांगलं बोललं की थँक यू म्हणायचं. घरी येऊन आईला सांगितलं. आई भांडी घासत राहिली. वडील म्हणाले, "लोकं ओळखत नाही, पोरी. इचारतात. इचारून झालं का मंग म्हणतात, आमाले तं आधीच कळलं होतं."

तेव्हा ते मला नीट समजलं नव्हतं. थँक यू मात्र घशात राहिलं. अजून आहे.

त्यानंतर मी 'तशी' न दिसण्याचं काम मन लावून शिकले. आई, मावश्या, घरच्या सगळ्या बाया "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. आमच्याकडे बाईमाणसाचं बोलणं तसंच आहे. मी बाहेर "जाते, करते" म्हणू लागले. मले, तुले टाकलं. शाळेत सावध राहायची सवय लागली ती एका गोष्टीसाठी. पुढे कॉलेजात मला स्वतःबद्दल दुसरी गोष्ट कळली, तेव्हा सवय तयारच होती. मला मुली आवडतात. हे वाक्य मी मराठीत पहिल्यांदा इथे लिहिते आहे.

रायपूरला एक जण आहे. तिच्याबद्दल मी एवढंच लिहीन. आम्ही फोनवर इंग्रजीत बोलतो, कारण इंग्रजीत पलीकडे मुलगा आहे की मुलगी ते ऐकणाऱ्याला कळत नाही. इंग्लिश मीडियमचा मला झालेला हा सगळ्यात मोठा उपयोग.

मी तिला नजरेने ओळखलं का? नाही. आम्ही पुष्कळ महिने एकमेकींसोबत चहा पीत होतो आणि दोघींनाही वाटत होतं, ही तशी नसणार. त्याआधी कॉलेजात मी एका मुलीबद्दल पैज लावावी इतकी खात्री धरली होती. ती हात धरून चालायची, डोळ्यांत बघून बोलायची. ती नुसतीच प्रेमळ होती. वर्षभरात तिने लग्न केलं, मी वरातीत नाचले. आम्हा लोकांनाही एकमेकांचं कळत नाही. आम्ही अंदाज करतो, घाबरतो, विचारायला फार उशीर करतो. मग काकूंना कुठून कळणार?

पण काकूंना कळत होतं. त्यांचं तसं नाव होतं. कोणाच्या घरी मुलगी बघायला जायचं असलं की काकूंना सोबत नेत. काकू मुलीला पाणी आणायला सांगत आणि तिचं चालणं बघत. परत निघताना गाडीत निकाल देत. त्यांनी नाही म्हटलेली मुलगी पुढे कशी निघाली, ते बघायला कोणी गेलं नाही. म्हणून त्या कधी चुकल्या नाहीत.

रायपूरची ती एकदा घरी आली होती. लांब वेणी, सुती ओढणी. काकूंच्या पाया पडली. काकूंनी तिला चिवडा दिला, जाताना डबा भरून दिला. आम्हा दोघींच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अशा मैत्रिणी ठेवाव्यात. नाहीतर आमच्या वरच्या बाईसाहेब."

आम्ही फाटकापर्यंत न हसता गेलो. फाटकाबाहेरही हसू आलं नाही.

वरच्या बाईसाहेब म्हणजे प्रणाली. भिलाईजवळच्या चरोद्याची. वडील रेल्वेत, घर यार्डाजवळच्या कॉलनीत. एका जिममध्ये शिकवायची, पहाटेची बॅच असल्यामुळे इथे खोली घेऊन राहिलेली. केस कानाच्या वर कापलेले. ट्रॅकपँट. जिना चढली की सगळ्या घराला कळायचं. आणि बोलणं माझ्या आईसारखं. ती "मी येतो वो" म्हणून गेली की मला घरची आठवण यायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही. आम्ही एका खोलीत राहत होतो.

तिचं लग्न ठरलं होतं. तिने स्वतः ठरवलं होतं. मुलगा दुर्गचा. रोज संध्याकाळी ती त्याच्याशी भांडायची, फोन स्पीकरवर टाकून, एकीकडे मोजे वाळत घालत. "तुह्या मायले सांग, केस वाढते तवा वाढते. मी का लग्नात केसाचं प्रदर्शन लावून राहिलो? विग घालतो मंग, चालन?" पलीकडून तो हसायचा. मग ती गॅलरीत जायची आणि आवाज एकदम हलका व्हायचा. त्या हलक्या आवाजाचा मला हेवा वाटायचा. तिला भिंतीची भीती नव्हती.

लाडूंच्या त्या दिवसानंतर काकूंनी मला खाली बोलावलं. दार लोटलं. "तू उद्या माझ्या शेजारच्या खोलीत ये. त्या मुलीसोबत नको राहूस. तू लाजाळू, तुला कळायचं नाही. मला कळतं."

मी विचारलं नाही, काय कळतं. विचारलं तर माझ्याकडे नीट बघतील, असं वाटलं. मी म्हणाले, "बरं काकू."

सामान हलवताना प्रणालीने माझी गादी डोक्यावर घेतली. माझ्याकडून ती उचललीही गेली नसती. जिन्यात विचारलं, "कावून चाल्ली वो? मी घोरतो का?"

"हो," मी म्हणाले.

"मंग सांगाचं ना. लाथ माराची." तिने गादी टाकली, चादर सरळ केली आणि वर गेली.

खालच्या खोलीत मला झोप येईना. भिंतीपलीकडे काकू खोकल्या तरी मी दचकायची. फोन बंद केला. रायपूरला निरोप पाठवला, काही दिवस बोलू नकोस. काकू सकाळी चहा आणून द्यायच्या. मुलीसारखं बघायच्या. इतकं प्रेम मला त्या घरात कधी मिळालं नव्हतं आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत प्रणालीचे कपडे काकू काडीने बाजूला सारायच्या. मी बघायची.

दवाखान्यात माझ्यासमोर माणसं अक्षरांचा तक्ता वाचतात. बाकावर वाट बघत बसलेल्यांनी आधीच्या पेशंटचं वाचन ऐकलेलं असतं. खुर्चीवर बसले की खालची ओळ घडाघडा म्हणतात. दिसत काहीच नसतं. मी त्यांना ती ओळ उजवीकडून डावीकडे वाचायला सांगते. तिथे अडकतात. मग चिडतात, तक्त्यावर, माझ्यावर. त्या आठवड्यात एक आजोबा असे चिडले आणि मला एकदम काकू आठवल्या. त्यांनाही कुठे दिसत होतं? कापलेले केस म्हणजे हे, लांब वेणी म्हणजे ते. ऐकलेली ओळ म्हणत होत्या. पण खुर्चीवर त्या नव्हत्या. खुर्चीवर आम्ही होतो.

मग हळदीकुंकू आलं.

आमच्या घरी हळदीकुंकू होत नाही. आई टिकली लावते, पण नवरा जिवंत आहे म्हणून कोणी आपल्या कपाळाला बोट लावावं आणि विधवा बाईला दारात ठेवावं, हे तिला मान्य नाही. माझी मोठी मावशी लवकर विधवा झाली. आई म्हणते, "जिथं माह्या बहिणीले जागा नाही, तिथं माह्यं काय काम?" आधीच्या वर्षी काकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं होतं आणि मी कपाळ पुढे केलं होतं. वर जाऊन साबणाने धुतलं होतं. आईला सांगितलं नव्हतं.

या वर्षी काकूंनी मला गुलाबदाणी दिली. बायका येतील तशी त्यांच्यावर शिंपडायची. "घरचीच मुलगी आहे," त्या सगळ्यांना सांगत होत्या. हॉल भरला होता. रेशमी साड्या, अत्तर, तिळगूळ, वाणाच्या स्टीलच्या वाट्यांचा ढीग. काकू ओळीने कुंकू लावत, मनगटावर अत्तराचा फाया फिरवत येत होत्या.

प्रणाली जिन्यावरून उतरली. अंघोळ करून आली होती, केस ओले, नवा कुर्ता. काकूंनी वरच्या मुलींनाही या म्हणून सांगितलं होतं. तिला वाटलं, तिलाही सांगितलं. ती ओळीत माझ्या शेजारी बसली. हात पुढे केला. "द्या काकू तिळगूळ. गोड बोलतो वर्षभर."

काकू तिच्यासमोरून सरकल्या. माझ्यासमोर आल्या. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, मनगटाला अत्तर लावलं. प्रणालीचा हात तसाच पुढे. तिला वाटलं, चुकून राहिलं.

"काकू, मी राहिलो."

"तुझं इथे काय काम?" काकू हसून म्हणाल्या. "हे बायकांचं असतं."

दोन-तीन बायका हसल्या. बाकीच्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. समोरच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "जाने दो ना काकू, सणाचा दिवस."

"का जाऊ द्यायचं? कोणीतरी बोलायला हवं. दुर्गच्या त्या मुलाची आई आमच्या मंडळात आहे. तिला अंधारात ठेवू? मुलाचं आयुष्य फुकट जाईल. मी आज फोन करणार आहे." मोबाइल काकूंच्या दुसऱ्या हातात होता.

"काय सांगणार?" प्रणालीने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. मग काकूंच्या चेहऱ्यावरून, बायकांच्या खाली वळलेल्या डोळ्यांवरून हळूहळू कळलं. तिचे कान लाल झाले. वजनं उचलणारी मुलगी. तिला आपला पुढे केलेला हात मागे घेता येईना. "काकू, असं काही नाही हो. माह्यं लग्न आहे. मी स्वतः..."

"मला नको शिकवूस. माझ्या नजरेतून आजवर कोणी सुटलेलं नाही." काकू माझ्याकडे वळल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हिलाच विचारा. तिच्यासोबत एका खोलीत राहिली आहे बिचारी. सांग बाळा, घाबरू नको. काय काय पाहिलंस?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. प्रणालीही. तिच्या बघण्यात तक्रार नव्हती. त्या खोलीत तिच्या ओळखीची मी एकटी होते, म्हणून बघत होती.

गुलाबदाणी तिरकी झाली होती. गुलाबपाणी माझ्या पायावर गळत होतं.  मी म्हणाले, "काकू, ती तशी नाही."

इतकं हळू की वहिनींनी "काय?" म्हणून विचारलं. मी पुन्हा म्हणाले.

काकूंना राग आला नाही. त्यांनी माझा गाल कुरवाळला. "भोळी आहे पोर." मग सगळ्यांकडे बघत, हसत, मला म्हणाल्या, "तुला काय माहीत गं, तसल्या कशा असतात?"

आता सगळ्याच हसल्या. माझ्यासाठी हसल्या, मायेने. मीही हसावं, मान खाली घालावी, लाजावं, एवढंच करायचं होतं. थँक यू म्हणण्याइतकं सोपं होतं ते. खोली राहिली असती. चहा राहिला असता. फोन दुर्गला गेला असता.

पुढचं मी सगळं लिहिणार नाही. त्या घरात मी आता राहत नाही. आईला सांगितलं आहे, ती तेवढं सोडून बाकी सगळं बोलते. वडील फोनवर जेवलीस का विचारतात आणि आईकडे देतात. दवाखान्यात कोणी दोघं हळू आवाजात बोलताना दिसले की माझे कान आजही तिकडे लागतात. भीती गेली नाही. धाडस आल्यावर भीती जाते म्हणतात, माझी गेली नाही. फक्त एक ठरलं आहे. माझ्याबद्दल काय सांगायचं ते मी सांगेन. दुसऱ्या कोणी ओळखल्याचा आव आणला तर त्याला उजवीकडून डावीकडे वाचायला लावीन.

त्या दिवशी मी गुलाबदाणी खाली ठेवली. मनगटाने कपाळ पुसलं, कुंकू आणि अत्तर एक झालं. आवाज थरथरत होता, अखेरपर्यंत थरथरत होता. आणि त्या घरात मी पहिल्यांदाच आईच्या भाषेत बोलले.

"मले माहीत आहे, काकू. मी सांगतो. मी तशी आहो. अन् मी बौद्धाची पोरगी आहो. इतके दिवस तुमच्या डोळ्यासमोर राहून राहिलो, तुमाले दोन्ही नाही दिसलं. आता लावा फोन दुर्गले. पण प्रणालीचं नाव नका घेऊ. माह्यं घ्या."